पहिलं वॉरबर्ड बांधायचंय? मग हरिकेन बांधा: 1:10 आरसी मॉडेल, आराखड्यापासून पहिल्या लँडिंगपर्यंत

आरसी (रिमोट कंट्रोलची) विमानं उडवायला शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला पुढचं विमान दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान हवं असतं, आणि दहातले आठ जण स्पिटफायरचंच नाव घेतात. दिसायला त्याला तोड नाही, हे मान्य. पण पहिलं वॉरबर्ड (अशा युद्धविमानाचं मॉडेल) म्हणून स्पिटफायर घेऊ नका. त्याची चाकं जवळजवळ असतात, त्यामुळे खडबडीत मैदानावर ते सहज एका पंखावर कलतं. त्याच्या पंखांची टोकं निमुळती होत जातात, त्यामुळे वेग कमी झाला की एक पंख अचानक खाली जातो. हॉकर हरिकेनमध्ये या दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. पंख जाड आहे, टोकाशीही बऱ्यापैकी रुंद आहे आणि चाकांमधलं अंतर मोठं आहे.

हरिकेन काही कमी प्रतीचं विमान नव्हे. सिडनी कॅम यांनी आराखडा केलेलं हे विमान 6 नोव्हेंबर 1935 रोजी पहिल्यांदा उडालं, पुढे 14,000 हून जास्त बनली आणि 1940 च्या ब्रिटनच्या लढाईत स्पिटफायरपेक्षा जास्त शत्रुविमानं हरिकेननी पाडली. आपल्यासाठी त्याचं अजून एक नातं आहे. 1944 मध्ये इंफाळच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, पुढे हवाई दलाचे मार्शल झालेले. तेव्हा रंगरंगोटीसाठी परदेशी स्क्वाड्रन शोधायची गरज नाही.

एक अट मात्र आहे. हा लेख विमान उडवायला शिकवत नाही. वर पंख असलेलं ट्रेनर (शिकाऊ विमान) आणि त्यानंतर खाली पंख असलेलं, एलेरॉनवालं (पंखाच्या मागच्या कडेला विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या असलेलं) एखादं साधं मॉडेल तुम्ही आरामात उडवत असाल, दोन्ही बाजूंनी इंग्रजी आठ काढत असाल आणि ठरवलेल्या जागी उतरवत असाल, तरच पुढे वाचा. विमान तुमच्याकडे तोंड करून येताना अजूनही डाव्या-उजव्याचा गोंधळ होत असेल, तर अजून थोडे दिवस सिम्युलेटरवर काढा.

आधी वजन ठरवा, मग आराखडा

मूळ हरिकेनचा पंखविस्तार 40 फूट, म्हणजे 12.19 मीटर. 1:10 प्रमाणात तो 1220 मिमी होतो. हा आकार फार सोयीचा आहे: गाडीच्या मागच्या सीटवर मावतो, 3एस (तीन सेलच्या) 2200 एमएएचच्या बॅटरीवर उडतो आणि ती बॅटरी बहुतेकांकडे आधीपासून असते.

आता गणित. मधला सपाट भाग 260 मिमी रुंद, त्याची कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर) 240 मिमी. बाहेरचे दोन पंख प्रत्येकी 480 मिमी लांब, टोकाशी कॉर्ड 140 मिमी. क्षेत्रफळ भरतं साधारण 24.5 चौरस डेसिमीटर. विमान 1200 ग्रॅमचं झालं तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे 49 ग्रॅम भार येतो. या आकाराच्या वॉरबर्डला हे ठीक आहे. डेक्कनच्या पठारावर उन्हाळ्यातली विरळ हवा धरली तरी ते साधारण ताशी 34 किमीला स्टॉल होईल, म्हणजे पंख विमानाला धरून ठेवणं सोडेल.

तेच विमान हौसेहौसेने 1600 ग्रॅमचं झालं तर? स्टॉलचा वेग ताशी 39 किमीवर जातो. पाचच किलोमीटर वाढले असं वाटेल. पण वजनही वाढलं आणि वेगही, त्यामुळे जमिनीला टेकताना जिरवायची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. लँडिंग गिअर उपटला जातो तो यामुळे. म्हणून वरची मर्यादा 1250 ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा कामाच्या टेबलावरच ठेवा आणि प्रत्येक भाग चिकटवण्याआधी तोलून वहीत लिहा.

माझा अंदाजपत्रकाचा हिशेब, ग्रॅममध्ये, असा असतो: मोटर 110, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) 40, बॅटरी 190, चार सर्वो (एलेरॉन वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वायरींसह 50, रिसीव्हर 15, प्रोपेलर आणि स्पिनर (त्याच्या मधली टोपी) 45, चाकं आणि पाय 110. झाले 560. सांगाडा, गोंद, रंग सगळं मिळून 550 ते 600 मध्ये बसवायचं. रंगाला त्यातले 50 च्या वर द्यायचे नाहीत.

सामान

बॉल्सा (हलकं लाकूड) उत्तम, पण महाग पडतो आणि पहिल्याच आपटीला त्याच्या काड्या होतात. मी डेप्रॉन (हलक्या फोमची पाटी) सुचवतो, 3 मिमी आणि 6 मिमी. जाहिरातीच्या पाट्यांसाठी मिळणारा सनबोर्ड टाळा. तो दिसायला तसाच, पण बराच जड असतो. कागदी आवरणाचा फोमबोर्ड चालेल, मात्र धडाच्या गोलाईसाठी त्याचा आतला कागद सोलावा लागतो.

गोंदाच्या बाबतीत घाई नको. फेविक्विक आणि फेविबॉन्ड डेप्रॉन खातात, शब्दशः विरघळवतात. फोमसाठी चालणारा सीए (सायनोॲक्रिलेट गोंद) किंवा यूएचयू पोर घ्या. फायरवॉल (मोटर बसते ती पाटी), स्पारचा (पंखाच्या आतल्या कण्याचा) सांधा आणि लँडिंग गिअरची पट्टी इथे मात्र दोन भागांचा इपॉक्सीच हवा. ग्लू गन पटकन काम करते, पण वजन वाढवते आणि उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडते. एप्रिलमध्ये मैदानावर मोटरमाउंट हातात आलेले लोक भेटतात, त्यांच्याकडे पाहिलं की कारण हमखास हेच निघतं.

मोटर 3536 आकाराची, 900 ते 1000 केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला होणारे फेरे), ईएससी 40 अँपिअरचा, प्रोपेलर 10×7 (इंचांत व्यास आणि पिच). सुमारे 300 वॅट मिळाले की किलोला 240-250 वॅट पडतात, तेवढे पुरे. 10×7 लावून वॉटमीटरवर एकदा पूर्ण थ्रॉटल देऊन बघाच, कारण त्याच केव्हीच्या दोन मोटरी सारखा करंट घेतीलच असं नाही. 30 अँपिअरच्या पुढे काटा गेला तर 10×5 लावा. तीन पात्यांचा प्रोपेलर फोटोसाठी ठेवा. उडताना पाती दिसत नाहीत, मग कार्यक्षमता का घालवायची?

सर्वो 9 ग्रॅमचे, धातूच्या दात्यांचे. एलेरॉनला दोन स्वतंत्र, एलिव्हेटरला (शेपटीतली, नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी) एक, रडरला (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) एक.

पंख

हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे पंख तिथून वर उचललेले असतात. हा मोड मॉडेलमध्ये ठेवा, कारण समोरून विमान ओळखू येतं ते त्यामुळेच. टोकं 35 ते 40 मिमी वर घ्या. मूळ विमानापेक्षा हा उचल किंचित जास्त आहे, पण हवेत त्याने स्थैर्य मिळतं.

खालची पाटी 3 मिमी डेप्रॉनची कापा. पुढच्या कडेपासून कॉर्डच्या साधारण 30 टक्क्यांवर स्पारची रेघ मारा. स्पार म्हणजे 6 मिमी डेप्रॉनच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांना चिकटून 6 मिमीची कार्बन ट्यूब. मोडापाशी ट्यूब वाकवता येत नाही. तिथे 3 मिमी प्लायवूडचा इंग्रजी व्हीसारखा कापलेला सांधा दोन्ही बाजूंच्या ट्यूबना इपॉक्सीने आणि वर धाग्याने बांधा. सांधा दोन्ही बाजूंना किमान 60 मिमी आत गेला पाहिजे. विमान हवेत मोडतं तेव्हा बहुधा इथेच मोडतं.

मधल्या भागात जाडी 32 ते 34 मिमी ठेवा, म्हणजे कॉर्डच्या 14 टक्के. मूळ पंख याहून जाड होता, पण तेवढ्या जाडीने मॉडेलला फक्त ओढ वाढते. टोकाकडे जाडी 16-17 मिमीपर्यंत उतरवा. वरची पाटी लावण्याआधी तिला आतल्या बाजूने टेबलाच्या कडेवरून सावकाश ओढून वळण द्या. डेप्रॉन कोमट असताना चांगलं वळतं. हिवाळ्यात हेअर ड्रायर दुरून फिरवा.

आता या पंखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी, वॉशआउट. वरची पाटी चिकटवताना दोन्ही टोकांच्या मागच्या कडेखाली 5 मिमी जाडीची पट्टी ठेवा आणि गोंद वाळेपर्यंत वजन देऊन दाबून ठेवा. टोकाशी पंख सुमारे 2 अंशांनी खाली बघणारा होतो. त्यामुळे वेग कमी झाला की आधी मधला भाग स्टॉल होतो, टोकं अजून धरून असतात आणि एलेरॉन काम करत राहतात. ही पट्टी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी हवी. एका बाजूला 5 आणि दुसऱ्या बाजूला 3 मिमी झालं तर विमान कायम एका बाजूला कलेल. पंख बंद झाला की मागून एका डोळ्याने बघा. दोन्ही टोकांची मागची कड मधल्या भागाच्या रेषेपेक्षा सारखीच वर दिसली पाहिजे. बंद पंखाला पीळ सुधारता येत नाही, तो कापावा लागतो.

पुढची कड गोल हवी, टोकदार नको. 320 नंबरच्या पॉलिश पेपरने लांब लाकडी ठोकळ्यावरून घासा. पुढची कड धारदार राहिली तर वॉशआउटची निम्मी मेहनत वाया जाते.

एलेरॉन बाहेरच्या पंखांतच, कॉर्डच्या पाव रुंदीचे. बिजागरीला फायबर टेप वर आणि खाली. सर्वो पंखात बसवताना हात खालच्या बाजूने काढा.

धड आणि शेपूट

वॉरबर्डची नाकं आखूड असतात. हरिकेनच्या या मॉडेलमध्ये गुरुत्वमध्यापासून, म्हणजे सीजीपासून शेपूट नाकापेक्षा अडीच पट दूर आहे. शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात अडीच ग्रॅम शिसं घालावं लागतं आणि एकूण वजन साडेतीन ग्रॅमने वाढतं. धडाच्या मागच्या भागात काम करताना हे डोक्यातून जाऊ देऊ नका. मागचं चाक हलकं घ्या, शेपटीला 3 मिमी डेप्रॉनचे दोन थर आणि मध्ये कार्बनची पातळ पट्टी, इपॉक्सी शक्यतो नाही. आडवी शेपूट मूळ प्रमाणापेक्षा 10 टक्के मोठी घ्या; दिसण्यात फरक कळत नाही आणि एलिव्हेटर जास्त शांत वागतो. एलिव्हेटरचे दोन्ही अर्धे कार्बनच्या काडीने जोडलेले असावेत, नुसत्या तारेने नको. तार पिळते आणि दोन बाजू वेगवेगळ्या हलतात.

धड आधी चौकोनी पेटी म्हणून बांधा: 6 मिमी डेप्रॉनच्या बाजू, पाच-सहा फॉर्मर (आतल्या आडव्या चौकटी). मग वरून-खालून गोलाईचे तुकडे चढवा. मोटर बसते ती फायरवॉल 4 मिमी प्लायवूडची. ती चिकटवतानाच 2 अंश खाली आणि 2 अंश उजवीकडे कलती ठेवा. नंतर वॉशर घालून कोन देता येतो, पण मग स्पिनर नाकाच्या मधोमध बसत नाही आणि विमान कायम तोंड वाकडं केल्यासारखं दिसतं.

हवा आत घेणं सगळेच करतात, बाहेर सोडायला विसरतात. हरिकेनच्या पोटाखाली रेडिएटरचा डबा आहे. तो पोकळ करा, मागून उघडा ठेवा. स्पिनरमागून आलेली हवा ईएससी आणि बॅटरीवरून जाऊन तिथून बाहेर पडेल. बाहेर पडायचं भोक आत येणाऱ्या भोकापेक्षा मोठं हवं.

बॅटरीची जागा लांब ठेवा, पुढेमागे 40-50 मिमी सरकेल इतकी. सीजी जुळवण्यासाठी शिसं वापरण्याआधी बॅटरी सरकवायची. रडर आणि एलिव्हेटरचे सर्वो पंखाच्या वर, शेपटीत नाही. पुशरॉडसाठी (सर्वोची हालचाल शेपटीपर्यंत नेणाऱ्या काडीसाठी) 1.2 मिमीची तार प्लास्टिकच्या नळीतून न्या आणि नळी दर 100 मिमीवर चिकटवा, नाहीतर दाब आला की तार आत धनुष्यासारखी वाकते आणि एलिव्हेटर अर्धाच हलतो.

चाकं लावायची की नाहीत

हे तुमच्या मैदानावर ठरतं. डांबरी पट्टी किंवा बारीक कापलेलं गवत मिळत असेल तर चाकं लावा. रब्बीची काढणी झालेल्या शेतात उडवणार असाल, तर धसकटं चाकांना अडकून विमान नाकावर उलथणारच. तिथे चाकं न लावता हाताने फेकून उडवणं आणि पोटावर उतरवणं शहाणपणाचं. पोटाखाली पारदर्शक पॅकिंग टेपचे दोन पट्टे लावले की मुरमावरही चालतं. चाकं नाहीत म्हणजे 110 ग्रॅमही वाचले.

चाकं लावायचीच तर 3 मिमीची पियानो वायर घ्या, पाय पुढे झुकलेले. विमान आडवं धरल्यावर चाकाचा आस सीजीच्या 35 ते 40 मिमी पुढे हवा. आस त्याहून मागे आला तर प्रत्येक लँडिंगला नाक जमिनीत. चाकं 65 मिमीपेक्षा लहान नकोत, मग ती मूळ प्रमाणापेक्षा थोडी मोठी दिसली तरी चालतील. आत दुमडणारी चाकं पहिल्या हरिकेनला लावू नका. वजन वाढतं, पंखाला मोठं भोक पडतं आणि बिघाडाची एक जागा वाढते. ते दुसऱ्या वेळी.

कापडाची पाठ आणि रंग

हरिकेनचं मागचं धड धातूच्या पत्र्याचं नव्हतं. नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेलं कापड होतं. त्यामुळे कॉकपिटच्या मागे धडावर लांबीच्या दिशेने उंचवटे दिसतात. हे मॉडेलवर आणायला फार खर्च नाही. साधा सुती दोरा घ्या आणि 10-12 मिमी अंतराने कॉकपिटपासून शेपटीपर्यंत ओढून दोन्ही टोकांना टेपने पकडा. वरून फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून ब्रशने लावा आणि त्यावर पातळ टिश्यू पेपर अंथरा. ओला असताना तो सुरकुतलेला, निराशाजनक दिसतो. हात लावू नका. वाळता वाळता कागद दोऱ्यांच्या मध्ये ताणला जातो आणि कापड बसवल्यासारखे उंचवटे तयार होतात. या सगळ्याचं वजन 10-12 ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे, कारण ते शेपटीकडे आहे.

रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक. स्प्रेचे डबे आधी तुकड्यावर तपासा, बहुतेकांतलं सॉल्व्हंट फोम खातं. बर्मा आघाडीवरचं भारतीय हरिकेन करायचं तर वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून करडा. विमानावरच्या गोल खुणेत लाल रंग नको. जपानी विमानांवरच्या लाल वर्तुळाशी गफलत होऊन आपल्याच लोकांनी गोळ्या झाडू नयेत म्हणून आशियातल्या आघाडीवर लाल काढून टाकला होता. निळा आणि फिकट निळा किंवा पांढरा एवढंच राहिलं. ऑनलाइन मिळणारे तयार स्टिकर बहुतेक युरोपातल्या विमानांचे, लाल ठिपक्यासह असतात, ते इथे चुकीचे ठरतील. प्रत्यक्ष विमान बघायचं असेल तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक हरिकेन ठेवलेलं आहे.

हा रंग युद्धात लपण्यासाठीच शोधलेला आहे, हे उडवताना त्रासदायक ठरतं. संध्याकाळी 100 मीटरवर नुसती काळी आकृती दिसते, येतंय की जातंय कळत नाही. युद्धाच्या शेवटी त्या आघाडीवर ओळखीसाठी लढाऊ विमानांच्या पंखांवर पांढरे पट्टे रंगवत. तो आधार घेऊन फक्त वरच्या बाजूला रुंद पांढरे पट्टे मारा. इतिहासही सांभाळला जातो आणि विमानही.

सीजी आणि सेटिंग

वरच्या मापांत, पुढची कड टोकाला 30 मिमी मागे गेलेली असेल तर सीजी मधल्या भागाच्या पुढच्या कडेपासून 60 मिमी मागे येतो. हे सरासरी कॉर्डच्या 25 टक्के. पहिल्या उड्डाणाला 55 ते 60 च्या मध्ये ठेवा, 68 च्या मागे कधीच नाही. दोन पेन्सिलींच्या मागच्या रबरांवर, पंखाखाली खुणा करून, बॅटरी आत ठेवून आणि कॅनॉपी (कॉकपिटचं झाकण) लावून विमान तोला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. नाक जड असलेलं विमान कंटाळवाणं उडतं. शेपूट जड असलेलं बहुधा एकदाच उडतं.

ट्रान्समीटर लावताना प्रोपेलर काढून ठेवा. यात अपवाद नाही. एलेरॉन वर 11 मिमी, खाली 7 मिमी. एलिव्हेटर दोन्हीकडे 9. रडर दोन्हीकडे 20. एलेरॉन आणि एलिव्हेटरला 30 टक्के एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना पट्ट्या कमी हलवणारं सेटिंग). एलेरॉन खाली कमी आणि वर जास्त का, तर खाली जाणारा एलेरॉन त्या बाजूचा पंख मागे ओढतो आणि वळणावर नाक भलतीकडे जातं. फेलसेफ लावा: सिग्नल गेला की थ्रॉटल शून्य. मग विमान धरून ट्रान्समीटर बंद करून मोटर खरंच थांबते का ते बघा. टायमर साडेपाच मिनिटांवर. बॅटरी 1सी म्हणजे 2.2 अँपिअरने, डोळ्यांसमोर चार्ज करायची.

मैदान आणि नियम

ड्रोन रूल्स 2021 आपल्या आरसी विमानांनाही लागू होतात. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान हिरव्या क्षेत्रात आहे ना ते आधी बघा. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवता येतं, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. पुण्याला लोहगाव, नाशिकला ओझर, त्यामुळे या शहरांच्या कितीतरी उपनगरांत मोकळं मैदान दिसलं तरी परवानगीशिवाय उडवता येत नाही. नोंदणीचे नियम बदलत असतात, ते डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पोर्टलवर वाचून घ्या. शेतमालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवलं की अर्ध्या कटकटी कमी होतात.

पहाटेनंतरचे दोन तास सगळ्यात चांगले. मार्च-एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर माळरानावर हवा उसळायला लागते. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गावाजवळ उडवू नका, मांजा प्रोपेलरच्या दांड्याला गुंडाळतो. घारी मात्र बाराही महिने येतात. घिरट्या घालतात, क्वचित झडप घालतात. घार मागे लागली तर वर चढा, ती वरून हल्ला करते.

मेडन

मेडन म्हणजे विमानाचं पहिलं उड्डाण. सोबत एक अनुभवी माणूस हवा. त्याचं काम विमान धरणं आणि मोठ्याने बोलणं: उंची, वारा, वेळ.

मोटर पूर्ण वेगात ठेवून एकदा नियंत्रणं तपासा. उजवा एलेरॉन दिल्यावर उजवीकडचा वर गेला पाहिजे. उलटा सर्वो ही मेडनला विमान पडण्याची फार जुनी गोष्ट आहे.

चाकांवरून उडताना विमान वाऱ्याच्या तोंडावर ठेवा. थ्रॉटल तीन सेकंदांत, हळूहळू वाढवा. मर्लिन इंजिनाच्या हरिकेनसारखाच आपलाही प्रोपेलर पायलटच्या जागेवरून घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातं. उजवं रडर तयार ठेवा. शेपूट उचलली जाते त्या क्षणी ही ओढ अचानक वाढते. विमान आपोआप हलकं होऊ द्या, शेपूट वर आल्यावर दोन चाकांवर आणखी थोडं धावू द्या, मग एलिव्हेटर थोडासा. एकदम ओढलंत तर ते उडेल, डावीकडे कलेल आणि पाठीवर पडेल.

हाताने फेकताना मदतनीसाने पंखाच्या खाली पोटाशी धरावं, तीन चतुर्थांश थ्रॉटलवर, आडवं किंवा किंचित वर, वाऱ्याच्या तोंडावर जोरात सरळ ढकलावं. भाल्यासारखं वर फेकू नये. प्रोपेलर बोटांपासून लांब आहे ना, ते आधी बघावं.

60-70 मीटरवर जा, थ्रॉटल निम्म्यावर आणा, ट्रिम करा. मग वरच स्टॉल बघा: थ्रॉटल बंद, एलिव्हेटर सावकाश ओढत राहा. नाक सरळ खाली पडलं तर वॉशआउट नीट झाला आहे. प्रत्येक वेळी एकच पंख पडत असेल तर पंखाला पीळ आहे, त्या विमानाला लँडिंगला जास्त वेग द्यावा लागेल. दुसरी चाचणी सीजीची. 30 अंशांचा उतार धरून स्टिक सोडा. विमान झटकन वर आलं तर नाक जड, आणखी खाली वळत गेलं तर शेपूट जड. शेपूट जड निघाली तर लगेच उतरवा.

वळणांबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. 60 अंश कलून सपाट वळण घेतलं की पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग 1.4 पट होतो; 34 चा थेट 48. लँडिंगच्या शेवटच्या वळणावर थ्रॉटल कमी, विमान पुढे निघून गेलेलं, म्हणून घट्ट वळवलं, आणि पंख पडला. वॉरबर्ड सर्वाधिक पडतात ते इथे. शेवटचं वळण मोठं, उंच आणि 30 अंशांच्या आतलं घ्या. पट्टी चुकली तर चुकू द्या, पुन्हा फेरी मारा. फेरी मारतानाही थ्रॉटल हळूच, नाहीतर मोटरच्या झटक्याने विमान डावीकडे लोळतं.

ट्रेनर थ्रॉटल बंद करून तरंगत येतं. हरिकेन तसं येत नाही, थ्रॉटल काढला की विटेसारखं खाली येतं. पाव थ्रॉटल ठेवून ताशी 45 किमीच्या आसपास आणा, उंची थ्रॉटलने ठरवा आणि वेग एलिव्हेटरने. कमी वेगात पंख सरळ करायला एलेरॉनबरोबर रडरही वापरा. अर्ध्या मीटरवर आलं की एलिव्हेटर फक्त इतका, की ते सपाट होईल. पुढची दोन चाकं टेकली की मग थ्रॉटल पूर्ण बंद. शेपूट आपणहून खाली बसेल. ती बसल्यावर एलिव्हेटर वर धरून ठेवा, म्हणजे गवतात नाक टेकत नाही.

उतरल्यावर मोटर, ईएससी आणि बॅटरीला हात लावून बघा. हाताला चटका बसत असेल तर हवा बाहेर जात नाहीये किंवा प्रोपेलर मोठा आहे. फायरवॉलच्या कडा आणि पंखाचा मोड यांना बारीक भेगा आहेत का ते उन्हात धरून तपासा. बॅटरीचा सेल 3.5 व्होल्टच्या खाली गेला असेल तर पुढच्या वेळी टायमर एक मिनिटाने कमी करा, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. पुढच्या उड्डाणांत सीजी एका वेळी 2-3 मिमीच मागे न्या.

आणि स्पिटफायर? हे हरिकेन सरळ टेकऑफ करू लागलं आणि वाऱ्यातही दोन चाकांवर उतरू लागलं की खुशाल सुरू करा. वॉशआउट तिथे 2 ऐवजी 3 अंश द्या, पहिली काही उड्डाणं चाकांशिवाय करा आणि शेपूट हरिकेनपेक्षाही हलकी ठेवा.